नळकांड्यात हरवलेले ऊन

छपरावर डोळे दिपवणारे ऊन होते. तेच ऊन आरशावर पडून, तांब्याच्या नळकांड्यातून तीन मजले खाली यायला हवे होते. पण तळमजल्याच्या खोलीत पोचत होता राखेच्या रंगाचा एक डाग. मग वाटेत ऊन जात होते कुठे?

मैथिली त्या डागाकडे बघत बसली होती. तांबट आळीतल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून होत्या, की खिडकी उघडली तर समोरची भिंत हाताला लागे. त्यात नवा नियम आला होता : ज्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो, ती राहण्याजोगी नाही. शेजारच्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या होत्या. आळीतले हातोडीचे ठोके विरळ होत चालले होते.

यंत्रमानव तपासनीस वाकून आत आला. त्याने चारही कोपऱ्यांत उजेड मोजला.

"नऊ लक्स," तो म्हणाला. (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक.) "शंभर हवेत. उद्या दुपारी शेवटची मोजणी. कमी भरले तर खोलीला सील."

"आणि आम्ही?" मैथिलीने विचारले.

"शहराबाहेर, सव्विसावा मजला. उजेड भरपूर. ठोकाठोकीला मनाई."

"मग मी तिथे काय, नुसता उजेड बघत बसू?" तिचा तांबट नंदूकाका म्हणाला. नळकांडे त्यानेच घडवले होते.

"काय चुकलंय ते तूच सांग ना," मैथिली तपासनिसाला म्हणाली.

"सल्ला देणे माझ्या कामात बसत नाही. प्रश्नाचे उत्तर देणे बसते."

"वकील आहे लेकाचा," काका पुटपुटला.

मैथिलीने विचार केला. "ऊन नळकांड्याच्या आतल्या बाजूवर आपटलं की काय होतं?"

"परावर्तन (पृष्ठभागावर आपटून प्रकाश परत फिरणे). पण दर वेळी थोडा प्रकाश धातू गिळतो. नळकांड्यात आतून दिलेल्या या कल्हईवर शंभरातले सत्तर भाग उरतात."

"आणि पुन्हा आपटलं की त्या सत्तरातले सत्तर टक्के. म्हणजे एकोणपन्नास... मग चौतीस! किती वेळा आपटतं?"

"गुळगुळीत नळकांड्यात थोड्या वेळा. यात फार."

मैथिलीने नळकांड्यात हात घातला. बोटांना खळगेच खळगे लागले. मठारकाम! (हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर खळगे पाडण्याची कला.) प्रत्येक खळगा म्हणजे वेगळीकडे तोंड केलेला इवलासा आरसा. ऊन खाली येण्याऐवजी आडवे जात होते, काही तर परत वर. याला विसरित परावर्तन (प्रकाश सगळीकडे विखुरणे) म्हणतात.

"काका, पत्रा आतून का मठारलास?"

"बिनमठारलेलं काम आपल्या घरातून कधी बाहेर गेलं नाही गं," काका हळूच म्हणाला. "मला वाटलं, चमक वाढेल." मग त्याने कोरा पत्रा पुढ्यात ओढला.

संध्याकाळपर्यंत त्याने सपाट पत्र्याचे नवे नळकांडे वळले. आत सौरचुलीला लावतात ती चंदेरी फिल्म चिकटवली. तिच्यावर शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग उरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमिनीवर पांढरे, लखलखीत वर्तुळ पडले. काका हसलाही. पण तपासनीस कोपऱ्यांकडे वळला. "एकतीस."

त्याने सील बाहेर काढले.

"थांब!" मैथिली तपासनिसासमोर उभी राहिली. "विखुरणं नेहमी वाईटच असतं?"

"वाटेत वाईट. मुक्कामाला नाही."

मैथिलीने फळीवरचे मठारलेले ताट खेचले आणि त्या वर्तुळात पालथे ठेवले. भिंतींवर, छतावर, कोपऱ्यांत उजेडाचे शेकडो ठिपके पसरले आणि एकमेकांत मिसळले. काकाच्या गालावरची काजळीही दिसू लागली.

"एकशे चार," तपासनीस म्हणाला. "मंजूर. डिसेंबरपर्यंत. तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकतो आणि पलीकडच्या इमारतीची सावली तुमच्या आरशावर येईल."

काकाचा चेहरा उतरला. "सावली कशी सरकते ते कळलं, तर आरसा आधीच हलवता येईल," म्हणत मैथिली मात्र खडू घेऊन जिना चढली. छपराच्या एका कडेला पलीकडच्या इमारतीची सावली पसरली होती. सावली जिथे संपत होती तिथे तिने रेघ ओढली. थोड्या वेळात सावली रेघेवरून सरकली. दुसरी रेघ ओढायला मैथिली तिथेच उन्हात बसून राहिली.