छिद्रांची बाजू

आत्याने नुसतं झाड बघायला बोलावलं होतं. लोकांच्या बागेतली झाडं तपासणं हाच माझा धंदा, त्यामुळे नातेवाइकांचा मी फुकटचा वैद्य. खिडकीबाहेरच्या नासपतीच्या खोडावर अळंब्या उगवल्या होत्या. झाड खोलीवर कोसळेल, या धास्तीने आत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण त्या खोलीत तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अंथरुणाला खिळलेले होते.

मी खोड ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला, मुळंही घट्ट होती. आता फक्त अळंबी ओळखायची राहिली. ही जात भिंतीतल्या फळीसारखी आडवी वाढते आणि तिच्या पोटाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून बीजाणूंची भुकटी खाली झडते, म्हणून छिद्रं कायम जमिनीकडे. झाड उन्मळून आडवं झालं, तरी नवी वाढ वळून पुन्हा जमिनीकडेच तोंड करते.

इथे मात्र सगळ्या फळ्या उभ्या होत्या. छिद्रं भिंतीकडे, काकांच्या खोलीकडे.

"आत्या, हे झाड कधी घराच्या बाजूला पडलं होतं का गं?"

"छे रे! लावल्यापासून असंच उभं आहे. का?"

मी एका फळीच्या कडेला बोट लावलं. अगदी ताजी, पांढरी, मऊ कड. तीही भिंतीकडेच वळलेली. म्हणजे झाड अजूनही घराच्या बाजूला आडवं होत होतं... तुम्ही हसाल, पण भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"काका कसे आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, छातीत काही नाही." आत्याचा आवाज खाली आला. "पण हे रोज सकाळी एकच धरून बसतात. रात्रभर कुणीतरी अंगावर पडून होतं म्हणे... जड... ओलं..."

कारण न सांगता मी काकांचा पलंग मागच्या खोलीत हलवायला लावला. काका शांत झोपू लागले. आत्याने फोनवर तोंडभरून आशीर्वाद दिले, माझाही जीव भांड्यात पडला.

काही आठवड्यांनी पुन्हा गेलो. नासपतीवरची नवी कड सरळ जमिनीकडे वळली होती. ही खुशखबर सांगायला मी हसतच काकांच्या नव्या खोलीत शिरलो.

पलंगाशेजारच्या लाकडी कपाटाच्या दारावर अळंबीची एक पांढरी फळी उगवली होती. उभी. छिद्रं काकांकडे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण छातीत आवाजापुरताही श्वास उरला नव्हता.