चष्म्याला न शिकवलेलं नाव

ताईचा बोलका चष्मा घरात आला आणि तिचा धाकटा भाऊ सावध झाला. तसा चष्मा गुणाचा होता. जन्मापासून आंधळ्या ताईला तो हलक्या आवाजात सांगायचा, समोर दार, डावीकडे खुर्ची, पुढे पायरी. माणूस एकदा समोर उभा करून त्याचं नाव शिकवलं, की पुढच्या वेळी ओळखायचाही. शेजारच्या काकू, इस्त्रीवाला, सगळ्यांची नावं धाकट्यानेच शिकवली. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्याने चष्म्याच्या कॅमेऱ्यावर अंगठा धरला आणि म्हणाला, "झालं गं माझं."

"तुझं थोबाड बघून बंद नाही ना पडला?" ताई हसली होती.

कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. आई गेल्यापासून ताईचं सगळं त्याच्यावर पडलं होतं. ती हाक मारायची आणि कंटाळा आला असेल तर हा पठ्ठ्या त्याच खोलीत श्वास रोखून उभा राहायचा. ती जरा वाट बघायची, मग चाचपडत आपलं आपण उरकायची. नाव शिकवलं नाही तर चष्मा आपल्याबद्दल गप्प बसेल, असा त्याचा अंदाज.

त्या दुपारी तो कामावरून दमून आला आणि न बोलता भिंतीला टेकला. आतून ताई आली, चप्पल घालून, चष्मा लावून. गल्लीच्या टोकापर्यंत फक्त पहिल्यांदा सोबत ये, मग मी माझी मी जाईन, असं तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"आलास का रे?"

धाकट्याने श्वास रोखला. पंखा बंद होता. शेजारचा नळ ठिबकत होता.

"समोर अनोळखी माणूस," चष्मा म्हणाला.

ताईचा चेहरा पांढरा पडला. ती मागे सरकली, हात दाराची कडी शोधू लागला. मीच आहे, एवढं त्याला म्हणायचं होतं. पण मग इतक्या दिवसांचं सगळंच उघडं पडलं असतं. तो भिंतीला आणखी चिकटला.

खोलीत गुडघ्यांना लावायच्या तेलाचा वास आला. ते तेल घरात आता कुणीच लावत नव्हतं.

"अनोळखी माणूस," चष्मा पुन्हा म्हणाला. "त्याच्या मागे... आई."

धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. चष्मा आला तेव्हा आईला जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याच्या मागे तर नुसती भिंत होती, पाठीला लागलेली.

ताईचा हात कडीवरच थांबला. "आई," ती कुजबुजली, "कोण आहे गं हा?"

मान कलती करून ती ऐकत राहिली. धाकट्याला नळाशिवाय काही ऐकू आलं नाही. ताई मात्र बराच वेळ ऐकत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली आणि डोळे भरून आले.

"नाही गं आई," ती म्हणाली. "काहीतरीच काय... तो असं नाही करायचा."

तेवढ्यात पाठीवर, जिथे भिंत होती तिथे, एक तळहात टेकला आणि त्याने धाकट्याला हळूच ताईकडे ढकललं.