निळा गोंद

शर्यतीला पाऊण तास उरला होता आणि धाकटीची सायकल उतारावर थांबेना. मागचा ब्रेक दाबला की नुसता किंचाळत होता. पुढचा शाबूत होता म्हणून वाचली. आज पहिली आली तर मोठ्या संघात जागा, त्यांची सायकल, त्यांचा मेकॅनिक. हरली तर पुन्हा वर्षभर वाट बघायची.

सायकली तपासणाऱ्या बाईंना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. त्यांनी मागचे ब्रेकपॅड काढून वास घेतला. चेनचं तेल. टायरवर मात्र एक थेंब नाही. पॅड धरणारा स्क्रू घट्ट होता, टोकाला नखाएवढी क्लिप नीट लावलेली, आट्यांवर निळा गोंद, अजून ओला. बाईंनी तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला.

संशय गेल्या वर्षीच्या विजेतीवर गेला. तिला धाकटी डोळ्यात खुपते हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, आणि सकाळी तेलाची बाटली घेऊन ती धाकटीच्या तंबूपाशी दिसलीही होती. धाकटीचा दादा अंगठा पँटला पुसत तिच्यावर तोंडसुख घेत होता.

“बाटली कशाला आणली होतीस?” बाईंनी तिला विचारलं.

“परत द्यायला. चेनसाठी यांच्या दादांकडूनच घेतली होती.”

“धाकटीचा हेवा वाटतो?”

“वाटतो. सायकलीचा नाही, भावाचा. माझी सायकल दुकानात जाते. पॅड कसे काढतात तेही मला माहीत नाही.”

भाऊ हेवा वाटावा असाच होता. धाकटीच्या सायकलीचा एकेक भाग दादाने निवडलेला. खडीला कुठला टायर, चढाला किती दातांचं चक्र, यावर तो ताट गार होईपर्यंत बोलायचा. ऐकणाऱ्याचा जीव जायचा.

बाईंनी तिघांना समोर बसवलं.

“वैऱ्याने पुढचा ब्रेक घालवला असता. इथे फक्त मागचा. म्हणजे तिने हरावं, पण पडू नये. घाईतला माणूस तेल उडवून पळतो. याने पॅड काढून तेल लावलं, पुसून बसवले, क्लिप लावली. वर स्क्रू ढिला होऊ नये म्हणून गोंद लावला. चोरी करून घराला कुलूप लावणारा चोर मी पहिल्यांदाच पाहतेय. दादा, अंगठा दाखव.”

अंगठ्याच्या नखात निळं होतं. दादाने हात मागे घेतला नाही.

“काल संघाचा मेकॅनिक म्हणाला, छान सायकल आहे, कोणी बांधली? ही म्हणाली, घरीच.” दादा म्हणाला. “आठ वर्षं मी बांधली. उद्यापासून हिच्या सायकलीला तो हात लावणार. मला बघवेना.”

आठ वर्षांत पहिल्यांदा धाकटीने पाना स्वतः उचलला. स्पिरिटने ब्रेकची डिस्क पुसली, नवे पॅड बसवले, स्क्रू फिरवायला घेतला. हात थेट दादासारखे चालत होते.

“गोंद,” दादाच्या तोंडून निघून गेलं.

“लावलाय,” ती मान वर न करता म्हणाली. क्लिप बसवली, दादाचा पाना बाईंच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.