परक्या तोंडी

अनुसूयाबाईंच्या घरात गुपित सांगायचं म्हणजे आवाज खाली आणायची चाल नव्हती. मराठीत बोललं की झालं. रामकली नळाखाली भांडी घासत असो, पूरन दूधवाला दारात माप ओतत असो, की शेजारच्या शुक्लाइन खाटेवर बसून गहू निवडत असोत, बाई त्यांच्या तोंडावर, मोकळ्या गळ्यानं, मनात येईल ते बोलत. "पूरनचं दूध आज पुन्हा बेतवेत बुडी मारून आलंय," असं कांचनला सांगायचं आणि लगेच मान वळवून गोड हिंदीत विचारायचं, "क्यों पूरन, घर में सब मजे में?" पूरन हात जोडून हसायचा.

कांचन ही सून, नागपूरची. लग्न होऊन झाशीला आली तेव्हा या प्रकारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आई, त्यांना कळलं तर?"

"कळायला ते काय साताऱ्याचे आहेत?"

बाई स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या. तेवढंही जास्तच झालं, असं त्यांचं मत होतं. पण सासरची माणसं पेशव्यांच्या सुभेदाराबरोबर या मुलखात आली, पिढ्यान् पिढ्या दरबारचं दप्तर सांभाळलं आणि आतली गोष्ट कधी बाहेर जाऊ दिली नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. का गेली नाही, तर चारी बाजूंनी हिंदी आणि बुंदेली आणि मधोमध आपली बोली. याहून पक्कं कुलूप कुठल्या लोहारानं केलंय?

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा यज्ञेश्वर जेवेनासा झाला.

यज्ञेश्वर सदर बाजारातल्या एका चौकशी कचेरीत लघुलेखक होता. बिजौलीच्या बाजूला सरकारी धान्याचं एक गोदाम जळालं होतं, त्याची चौकशी. धान्य आधीच परस्पर विकलं आणि मग रिकामं गोदाम पेटवलं, असा संशय ठेकेदारावर होता. एक पहारेकरी आत कोळसा झाला. दुसरा निसटला, आणि पेटवणाऱ्यांची तोंडं त्यानं पाहिली होती. त्याला लखनौच्या एका खात्यानं लपवून ठेवलं होतं. त्या खात्यानं त्याचं नाव आणि ठिकाण झाशीच्या चौकशी साहेबांना कळवलं ते एका अटीवर: साहेबांना ठाऊक आणि त्यांच्या लघुलेखकाला ठाऊक, तिसऱ्या कानाला नाही. साक्षीआधी नाव फुटलं तर साक्ष देणारा उरणार नाही, असं साहेबांनी यज्ञेश्वरला स्पष्ट सांगितलं होतं.

"घास नुसता फिरवतोयस," बाई म्हणाल्या. "कसलं ओझं आहे ते टाक एकदाचं."

"कचेरीचं आहे, आई."

"म्हणून तर विचारते. तुझे पणजोबा कचेरीचं घरी आणून ठेवत. घराइतकी सुरक्षित जागा होती का दुसरी?"

रामकली हाताच्या अंतरावर कढई खरवडत होती. यज्ञेश्वरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या घरात कुणीच पाहत नसे.

"बरुआसागरला बहिणीकडे ठेवलाय त्याला," तो म्हणाला. "तळ्याच्या बांधाखाली आल्याचे वाफे आहेत तिचे. सोमवारी साक्ष. तोवर माझ्या जिवात जीव नाही."

"नाव काय?"

"नाव नको, आई."

"मी काय चौकात जाऊन ओरडणार आहे? आईपाशी नाही तर कुणापाशी?"

यज्ञेश्वरनं पाण्याचा घोट घेतला. "खुमान."

"जेव आता."

आणि तो खरंच जेवला, भात मागून घेतला. बाईंना बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी राज्याची गोष्ट पुन्हा या घरात मुक्कामाला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सदर बाजारात भाजी घ्यायला गेल्या. ऊन अजून तापायचं होतं, पण दुकानांच्या पत्र्यांना आतापासूनच वास सुटला होता. म्हातारा कुंजडा दुधी तागडीत टाकता टाकता तागडीच्या काट्याकडे बघत म्हणाला, "जेव आता."

बाई थांबल्या. "क्या कहा?"

"हमने? हमने कछू नईं कई, अम्माजी." त्यानं दुधी पिशवीत घातला.

घरी येईपर्यंत बाईंनी स्वतःची समजूत काढली. उन्हाचं काहीबाही ऐकू येतं. पण अंगणात शिरताना शुक्लाइन सूप पाखडत होत्या आणि सुपाच्या ठेक्यावर पुटपुटत होत्या, "आईपाशी नाही तर कुणापाशी."

शुक्लाइनच्या जिभेला ण जन्मात वळला नव्हता. पाण्याला त्या पानी म्हणत, आणि बाई त्यांची नक्कल करून कांचनला हसवत. आज तो ण टाळूला लागून, गोल होऊन बाहेर आला. नुसता ण नव्हे. 'कुणापाशी' म्हणताना शेवटी जरा झटका देऊन वर जाण्याची लकब बाईंची स्वतःची होती. माहेरी त्यावरून त्यांना चिडवत.

"बहनजी, ये आप क्या बोल रही हैं?"

शुक्लाइननी सूप थांबवलं. "हम तो चुपचाप बैठे हैं." त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. बाईंनी लबाडी लगेच ओळखली असती.

भर दुपारी क्वार्टरांच्या मागच्या कडुनिंबाखाली पोरं लगोऱ्या खेळत होती. भाजणारी लू सुटली होती, धूळ उभी राहत होती आणि पोरांना त्याचं काही नव्हतं. बाई खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होत्या. ताटीआडून पोरांचा ताल ऐकू आला, दगड रचताना धरतात तसा.

"बरुआसागरला बहिणीकडे. बरुआसागरला बहिणीकडे."

आणि दगड कोसळला की सगळ्यांनी मिळून, "खुमान."

बाईंच्या हातातलं भांडं ताटीवरच आपटलं. त्या अनवाणी बाहेर धावल्या आणि हाताला लागली त्या पोरीचा दंड धरला. "किसने सिखाया?"

"का सिखाओ?" पोरगी रडवेली झाली. "हम तो खेल रए."

तळपाय भाजत होते, तरी बाई तिथंच उभ्या राहिल्या. वाक्य कुणाला कळलं नसेल. पण बरुआसागर हे कुठल्याही बोलीत बरुआसागरच. बहीण म्हणजे बहन, हे लहान पोराला कळेल. आणि खुमानला तर भाषाच नव्हती. नाव उघडं असतं. इतक्या वर्षांत हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

रामकली आली तशी त्यांनी तिला भिंतीशी उभी केली. "सच बोल. तुझे हमारी बोली आती है?"

रामकलीनं पदर खोचला. ती घाबरली होती, पण तिलाही जीभ होती. "अम्माजी, हमें तुमाई बोली आउत होती, तो हम तुमाए घर में टिकते?"

बाई बाजूला झाल्या.

यज्ञेश्वर त्या दिवशी कचेरी सुटायच्या आधीच परतला. बूट न काढता मोरीच्या उंबऱ्यावर बसला.

"नाव फुटलंय. ठेकेदाराची दोन माणसं बसअड्ड्यावर बरुआसागरची चौकशी करत होती. लखनौवाले म्हणतात, आमच्याकडून नाही. आमचे साहेब म्हणतात, आमच्याकडून नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मी कुणाला सांगितलं नाही."

कांचन दारात उभी होती. तिनं खाली पाहिलं.

"त्याला तिथून हलवायला सांग," बाई म्हणाल्या.

"हलवायचा हुकूम लखनौचा. ते म्हणतात, आधी कुठून फुटलं ते सांगा, नवं ठिकाण मग ठरवू. काय सांगू, आई? जेवताना?"

बाहेर पूरनची सायकल थांबली. दुधाच्या किटलीचं झाकण वाजलं आणि पूरनचा आवाज आला, एकसुरी, यज्ञेश्वरचाच श्वास घेऊन:

"काय सांगू, आई? जेवताना?"

यज्ञेश्वरचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मुलाशी त्या हिंदीत बोलल्या. "चुप. अब इस घर में कोई मराठी नहीं बोलेगा."

त्या संध्याकाळी घरात 'रोटी दो' आणि 'पानी दो' एवढंच चाललं. बाईंनी मुद्दाम हिंदीतली दोन-चार वाक्यं मोठ्यानं टाकून पाहिली आणि खिडकीशी कान लावला. त्यातलं काही बाहेर गेलं नाही. त्यांनी नक्की केलं. सकाळच्या बसनं बरुआसागर. कांचनला खुणेनंच सांगितलं, देवदर्शनाला जाते.

बरुआसागरच्या तळ्याला उन्हाळ्यामुळे कडेनं पांढरी भेग पडली होती. वर किल्ला होता, बांधाखाली सावलीत आल्याचे वाफे. खुमानचं नाव घेऊन विचारणं शक्य नव्हतं. बाई लोणच्याचं आलं घ्यायला आल्या होत्या, म्हणून वाफ्यावाफ्यानं आलं मोडून, हुंगून, नावं ठेवत पुढे गेल्या. शेवटच्या झोपडीत एक बाई नको इतकी भराभर म्हणाली, आमच्याकडे आलं नाही. तिच्या मागे अंधारात एक माणूस बसला होता. त्याची एक भुवई जळून गेली होती.

"भैया, यहाँ से निकलो," बाई म्हणाल्या. "आज. अभी."

खुमान उठला नाही. "तुम को आओ?"

"जिनकी जीभ से तुम्हारा नाम निकला, उनके घर से."

त्यानं दाराबाहेर नजर टाकली. "काल से दो जने गाँव में पूछत फिर रए. एक तो सबको मीठी गोली बाँटत." मग पंचा खांद्यावर टाकला. "साखी तो हम दैहैं, अम्माजी. सोमवार खों अपने पाँव से आ जैहैं. मनो तब लौं हम—"

"मत बताओ." बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. "हमको मत बताओ."

तो मागल्या बाजूनं निघाला. बाई पाठ करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांना ऐकायचं नव्हतं आणि बघायचं नव्हतं. बांधावर आल्याची पोती भरलेला ट्रक घरघरत होता. क्लीनरनं फळी आपटली आणि गिऱ्हाईक हाकारावं तसं ओरडला, "ओरछा, ओरछा."

पोत्यांवर कुणीतरी चढल्याचा धप्प आवाज झाला. ट्रक गेला.

परतीच्या बसमध्ये बाईंना पुढची जागा मिळाली. शेजारी एक तरुण बाई होती, तिच्या मांडीवर अंगावरचं मूल. बसमध्ये गरम डिझेलचा, घामाचा आणि ताज्या आल्याचा वास होता. कुणी बोलत नव्हतं. बाईंनी पदराचा बोळा दातांत धरला.

बोलायचं नाही, एवढं पुरे होतं. पण बसनं वेग घेतला तसं त्यांच्या लक्षात आलं, की आत कुणीतरी बोलतंच आहे.

त्यांनी मनाला कामाला लावलं. लौकी. तोरई. कद्दू. परवल. हिंदीत, एकामागून एक, सगळी मंडई. बेतवेचा पूल आला. लौकी. तोरई. खाली खडकांमधून पाण्याची बारीक धार जात होती.

सगळा जन्म झाशीत गेला होता, पण मनाला हिंदी शिकवायची राहूनच गेली होती.

ओरछ्याला गेला बिचारा, मन म्हणालं. सुटला.

बाईंनी दात इतके आवळले की पदराला रक्ताची चव आली.

शेजारचं मूल दूध पिता पिता थांबलं.

त्यानं मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्याला अजून दातसुद्धा नव्हते.

"ओरछ्याला," ते म्हणालं.

स्वच्छ. शेवटी जरा झटका देऊन, वर जात.

मुलाची आई हरखून गेली. "हाय दैया, बोल फूटो. अबै लौं मम्मा नईं कई लल्ला ने."

"का कै रओ?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"ओरछा. ओरछा कै रओ."

सगळी बस हसली. कंडक्टरनं मुलाच्या गालाला हात लावला. पुढून मागे, बाकामागून बाक, तो शब्द हसत हसत गेला. ओरछा. ओरछा.

शेवटच्या बाकावरचे दोघे हसले नाहीत. ओरछ्याकडे फुटणारा तिठा जवळ आला तसा त्यातल्या एकानं छतावर हात मारून गाडी थांबवायला सांगितली.

ते पुढच्या दारानं उतरले. जाता जाता दुसरा वाकला, आणि मुलाच्या मुठीत त्यानं एक मीठी गोळी ठेवली.