सहावा नमुना

त्याच्या मिठात मी पहिल्याच दिवशी पाय घातला.

लाँचमधून उतरून मिठागराच्या बांधावरून चालले होते. खांद्याला नमुन्याच्या बाटल्यांची पेटी, पायात गुळगुळीत तळाच्या चपला. ओल्या बांधावर पाय सरकला आणि मी घोट्यापर्यंत एका वाफ्यात. पाण्यावर धरलेली मिठाची पातळ साय फाटत फाटत पार पलीकडच्या कडेपर्यंत गेली.

"तीन दिवस लागतात ती धरायला," मागून कोणीतरी म्हणालं.

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. वळून पाहिलं. हातात लांब दांड्याची फळी, उन्हानं रापलेला चेहरा, भुवयांवर मिठाची कणी…

"मी प्रयोगशाळेतून आलेय," मी म्हटलं. "मिठाचा नमुना घ्यायला."

"घेतलात की. पायानं."

मिठागर त्याच्या आत्याचं. आत्याबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून सगळं तोच बघत होता. त्या दिवसापासून त्यानं माझं नावच 'प्रयोगशाळा' ठेवलं. "या, प्रयोगशाळा," असं तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की हसू दाबताना माझी पुरेवाट व्हायची.

दुसऱ्या खेपेला त्यानं मला पाणी ओळखायला शिकवलं. "तुमच्या यंत्राला काय कळतं? बोट बुडवा." मी बुडवलं. "आता चोळा. बुळबुळीत लागतंय? म्हणजे पिकलं, आता मीठ धरणार." मला काही कळेना, तेव्हा त्यानं माझं बोट धरून पुन्हा पाण्यात बुडवलं… पाणी पिकलं होतं की नाही, देव जाणे. माझं लक्षच नव्हतं.

खरं सांगते, नियमाप्रमाणे मोसमात दोनच नमुने लागतात. मी सहाव्यांदा चालले होते.

त्या सहाव्या खेपेला पर्समध्ये बदलीचा हुकूम होता. रेल्वेनं नऊ तास लांबचं शहर, एक तारखेपासून हजर. लाँचमध्ये मी वाक्यं जुळवत बसले होते. पण धक्क्यावर उतरले, तर आभाळ भरून आलेलं. अवकाळी पाऊस. आणि मीठ सगळं उघड्यावर.

तो ढीग ओढत होता, आत्याबाई दुखऱ्या गुडघ्यांनी टोपल्या भरत होत्या. मी पेटी छपरीत ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि टोपली उचलली.

"अहो, तुमची परतीची लाँच…" तो म्हणाला.

"जाऊ दे ती."

दोन तास आम्ही टोपल्या छपरीत वाहत होतो. शेवटची टोपली आत आली आणि सर कोसळली. छपरीत मिठाच्या ढिगाला टेकून आम्ही धापा टाकत बसलो. माझे तळहात सोलले होते, त्यात मीठ झोंबत होतं. त्यानं माठातलं गोडं पाणी आणून माझ्या हातांवर हळूहळू ओतलं.

"गेल्या महिन्यात आत्यानं तुमच्या ऑफिसला फोन केला होता," खाली बघतच तो म्हणाला. "ते म्हणाले, दोन्ही नमुने केव्हाच मिळाले."

माझे कान तापले. "मग विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं, तर तुम्ही परत आला नसता."

मी ओल्या हातांनीच हुकूम काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोनदा वाचला.

"जायचंय तुम्हाला?"

"नाही. तसा अर्ज करता येतो. पण साहेब कारण विचारतील."

"काय सांगाल?"

"तेच विचारायला आलेय…"

त्यानं हुकुमाची घडी घालून माझ्या हातात दिली. "पावसाळ्यात इथं लाँच बंद असते. डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर. दोन मुलींनी नकार दिलाय मला… आणि त्यांचं काही चुकलं नाही."

"मी नोकरी सोडणार नाही," मी म्हटलं.

"सोडा कोण म्हणतंय? पावसाळ्याचे चार महिने मिठागर बंद, तेव्हा मी तिकडे राहीन. बाकीचे आठ महिने लाँच आहे. ती दोन्हीकडे जाते."

म्हणजे यानं आधीच सगळा हिशेब मांडून ठेवला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"मग साहेबांना काय सांगू?"

"लग्न ठरलंय म्हणून सांग," तो म्हणाला. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं. भुवयांपर्यंत लाल झाला.

"ठरलं असेल," छपरीच्या गळक्या कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "तर कोणीतरी ही ताडपत्री धरा. मीठ वाचलं, पण मी भिजतेय."

आम्ही दोन टोकं धरून उभे राहिलो. मधे आत्याबाई, पलीकडे तो. सर ओसरली, उन्हाची तिरीप छपरीत आली, तरी आम्ही तसेच.

"पाऊस थांबला," आत्याबाई म्हणाल्या. "सोडा आता."

सोडलं नाही कोणीच.