झाकण उघडायचं नाही

"बर्फाला स्वेटर? अहो बाई, त्याला घाम फुटेल घाम!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच हसत बसल्या.

"फुटू दे. पैज लावा," बाई म्हणाल्या.

या बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या मते स्वेटर काही ऊब तयार करत नाही. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आतही येऊ देत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्वेटरात गुंडाळलेला बर्फ दिवेलागणीपर्यंत टिकणारच! हरेल त्यानं तोच ओला स्वेटर घालून फाटकाशी उभं राहायचं आणि 'माझं चुकलं' असं तीनदा ओरडायचं. शिक्षा अर्थातच काकूंच्या सुपीक डोक्यातली.

खोकं ठेवायचं कुठे? तर तळमजल्यावर, शिंप्याच्या दुकानात. तिथे ऊन येत नाही.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. अंगानं काटकुळा, तोंडानं मुका. फक्त 'उद्या देतो' एवढं वाक्य त्याला पाठ. बाईंचा एक ब्लाउज दिवाळखोराच्या वायद्यासारखा गेले कित्येक महिने 'उद्या'वर लटकला होता. त्याची आई वारल्यापासून तर दुकानाचं शटरही अर्धंच उघडायचं. माणूस आत शिरायचा तो वाकून.

"स्वेटर आणू का... माझ्याकडचा?" मास्तर हळूच म्हणाला.

त्यानं पेटीतून काढला तो राखाडी, गळ्याशी सैल झालेला. बाईंनी हातात घेतला नि विचारलं, "कुणी विणलाय?"

"आईनं. शेवटचा."

"मग हा नको, मास्तर! चिंध्यासुद्धा चालतील."

"राहू द्या. पेटीत पडून तरी काय करतोय."

हा पैजेचा खेळ बाईंनी शाळेतून आणला होता. शुक्रवारी त्यांनी वर्गात रद्दी, भुसा, फाटक्या चादरी अशा टाकाऊ वस्तूंचे डबे करायला लावले. प्रत्येकात सारखाच बर्फ. तास संपताना उरलेला बर्फ तोलायचा, किती टक्के वाचला ते काढायचं, फळ्यावर आलेख काढायचा. वीज न जाळता गारवा कसा राखायचा, हा धडा. दोन वेण्यांची एक पोरगी सारखं झाकण उचलून बघायची. तिचा बर्फ सगळ्यात आधी वितळला.

"उत्सुकता म्हणजेसुद्धा उष्णताच गं बये," बाई तिला म्हणाल्या होत्या. वर्ग हसला. बाईही हसल्या. तो त्यांचा त्या वर्गावरचा शेवटचा तास होता. वरचे वर्ग बंद होणार होते आणि बाईंची बदली झाली होती. लांबच्या गावी. सोमवारी सकाळची गाडी.

आणि आज रविवार.

आभाळ सकाळपासून भरून आलेलं, पण बरसत नव्हतं. नुसतं दाबून धरलेलं. वर खोलीत पुस्तकांची खोकी दोरीनं बांधून तयार. उघड्या भिंतींवर खिळे तेवढे उरलेले. बाईंना तिथे बसवेना. त्या खाली उतरल्या.

"बघू तरी... टिकलाय का."

मास्तरानं मशीन थांबवलं. बाईंनी झाकण काढलं, स्वेटर उलगडला. बर्फ छान होता. मास्तरही वाकून बघत होता. त्याच्या केसांत दोऱ्याचा पांढरा तुकडा अडकलेला. बाईंचा हात तिकडे निघाला... आणि परत आला.

"टिकलाय," त्या म्हणाल्या.

"हो. टिकलाय."

थोड्या वेळानं त्या परत आल्या. कात्री मागायला. मग कात्री द्यायला. मग काही निमित्त सुचेना, तशाच आल्या. दर वेळी झाकण. दर वेळी स्वेटर उलगडायचा, गार बर्फावर बोट टेकवायचं.

"ब्लाउज राहिलाच की हो," एकदा त्या म्हणाल्या.

"उद्या देतो."

"उद्या मी नसते, मास्तर."

मशीनवरचा त्याचा पाय थांबला. तो काहीतरी बोलेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. मास्तरानं सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला.

दिवेलागणीला अख्खी इमारत दुकानापुढे जमली. वेण्यांची पोरगीही आली होती, बाईंना निरोप द्यायला. काकूंनी झाकण उचललं, स्वेटर झटकला. आणि त्यातून पाणी गळलं. नुसतं पाणी.

"हरल्या! विज्ञान हरलं!" काकू टाळ्या पिटत नाचल्या.

पोरगी मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "असं होऊच शकत नाही. बाई, तुम्ही झाकण उघडलंत?"

बाई पुढे झाल्या. ओला स्वेटर अंगात चढवला आणि थेट फाटकाशी गेल्या. लोकर अंगाला गार चिकटली. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"माझं चुकलं!" त्या ओरडल्या.

"ऐकू नाही आलं!" काकू.

"माझं चुकलं!"

तिसऱ्यांदा मात्र आवाज बसला. त्या मास्तराकडे बघत होत्या.

"माझं चुकलं... मी बर्फ बघायला येत नव्हते."

काकूंच्या टाळ्या हवेतच राहिल्या. "अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तर गर्दीतून पुढे आला. गळ्यातली टेप काढून त्यानं बाईंच्या खांद्यापासून मनगटापर्यंत धरली.

"बाह्या लांब होतायत. आत घ्यायला लागतील."

"घ्या ना. पण माझी गाडी सकाळी आहे."

"उद्या नाही होणार, बाई."

'उद्या देतो' सोडून त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकायची कुणालाच सवय नव्हती.

"मग पुढच्या रविवारी येते न्यायला," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण बरसत नव्हते. त्या आभाळासारखेच.

मास्तरानं टेप गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"पुढच्या रविवारीही नाही होणार," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्याही नाही. पण तुम्ही... येत राहा."