शंभर आकडे

साहेब ब्याण्णवाव्या वर्षी गेले. थोरला मुलगा परदेशातून पोहोचायला दोन दिवस लागणार होते, म्हणून तोवर त्यांना कंपनीच्याच शीतगृहात ठेवायचं ठरलं. फळांच्या पेट्या बाजूला सारून टेबल मांडलं आणि चादर घालून त्यांना त्यावर ठेवलं. दार लावायचं काम मुकादमाकडे आलं. साहेबांच्या बोटींवर मालाच्या कोठारांची झाकणं लावण्यात त्याची हयात गेली, मग दुसऱ्या कोणाला सांगणार?

टळटळीत दुपार होती. धाकटे चिरंजीव बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्रासाठी मजकूर लिहीत बसले होते. "युद्धातलं पदक झालं. एका भंगार बोटीच्या एकवीस बोटी केल्या, तेही झालं. मुकादम, तुम्ही एखादी आठवण सांगा ना."

मुकादमाने नेहमीचीच सांगितली. युद्धात जहाजाला भोक पडलं, तेव्हा साहेबांनी आतल्या चौघांसकट एका खोलीचं दार बंद केलं आणि जहाज वाचवलं. पुढे मालक झाल्यावर त्यांनी नियमच केला. माल भरला की झाकणावर तीनदा हातोडा मारायचा, शंभर आकडे मोजायचे, आतून ठोका आला नाही तरच झाकण लावून उंदरांसाठी विषारी धूर सोडायचा.

"बाबांना माणसांची केवढी काळजी!" चिरंजीवांचे डोळे भरून आले.

कसली डोंबलाची काळजी! एकदा ओहोटी लागली होती आणि साहेबांना घाई होती. "दहा पुरे," ते म्हणाले. मुकादम तेव्हा साधा कामगार होता; त्याने मुकाट दहा मोजले. ठोके आले ते धूर सोडल्यावर. दोघांनीही ऐकले, दोघेही गप्प बसले. आत आपलाच धाकटा भाऊ होता, हे त्याला संध्याकाळी हजेरीच्या वेळी कळलं. महिन्याभरात साहेबांनी त्याला मुकादम केलं, आणि मेल्याने ते घेतलंही! आईला मात्र ती जाईपर्यंत सांगत राहिला, "बोटीवर गेलाय, येईल."

मुकादमाने शीतगृहाचं जाड दार ओढलं. सवयीने हात उठला आणि दारावर तीनदा आपटला. तो मोजू लागला. नऊ... दहा... अकरा...

आतून ठोका आला.

"दादा... उघड ना रे..."

साहेबांचा आवाज असता, तर त्याने खुशाल कडी घातली असती. पण हा आवाज धाकट्या भावाचा होता. त्याने दार उघडलं आणि धडपडत आत शिरला. "कुठे आहेस रे, बाळा?" पेट्यांमागे, टेबलाखाली, सगळीकडे शोधलं. कोणीच नव्हतं. तेवढ्यात दार धाडकन लागलं आणि बाहेरून कडी पडली.

"मालक! मी आत आहे! उघडा!" तो दोन्ही मुठींनी दार बडवू लागला.

बाहेरून चिरंजीवांचा आवाज आला, "मुकादम, आत कोण ओरडतंय हो?"

"कोणी नाही, मालक. चला, तुम्हाला उशीर होतोय."

आवाज हुबेहूब मुकादमाचा होता. मग गप्पा मारत जाणाऱ्या दोघांची पावलं लांब गेली.

मुकादमाच्या मुठी दुखू लागल्या, बोटं बधिर झाली. पाठीमागे चादर सळसळली. त्याने वळून पाहिलं. साहेब टेबलाच्या एका कडेला सरकले होते. शेजारी आणखी एका माणसापुरती जागा झाली होती.